चुकलेलें कुत्रें आणि घरची वाट

कुत्र्याला जवळ बोलवावयाचें झाल्यास मराठी माणूस 'यू यू' करतो, कोणाच्या अंगावर घालावयाचें झाल्यास 'छू' म्हणतो आणि हांकलावयाचें झाल्यास 'हाड' म्हणतो. एवढ्या तीन शब्दांवर आपल्या खेड्यापाड्यांतून माणसाचा व कुत्र्याचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिहींपैकीं पहिला शब्द दिसावयास सर्वांत साधा. परंतु कुत्र्याच्या जिवाच्या दृष्टीनें पाहतां त्याच्याइतका मोलाचा दुसरा नाहीं. जें कुत्रें हांकेसरशी मागें फिरतें तें सहसा हरवत नाहीं, आणि हरवलेंच तर सांपडण्याचा संभवही त्याचाच अधिक असतो. हरवलेल्या कुत्र्याला त्याच्या घरीं पोंचविण्याचा जो खटाटोप गेल्या दोन शतकांत निरनिराळ्या शहरांनीं केला, त्याचा इतिहास पुष्कळ अंशीं ह्या एका हांकेभोंवतीं फिरतो.

आपल्या प्राचीन वाङ्मयांत कुत्र्याला मानाचें स्थान आहे. ऋग्वेदांतील सरमा ही इंद्राची कुत्री. पणींनीं दडवून ठेवलेल्या गाईंचा माग तिनें काढला. म्हणजे हरवलेलें धन शोधून देणारा पहिला प्राणी आपल्याकडे कुत्रीच होय. महाभारताच्या आदिपर्वांत हीच सरमा पुन्हां भेटते. जनमेजयाच्या यज्ञांत तिच्या पिलाला निष्कारण मार बसला, म्हणून ती राजसभेंत जाऊन जाब विचारते, आणि उत्तर मिळत नाहीं तेव्हां शाप देऊन निघून जाते. शेवटीं महाप्रस्थानाच्या वेळीं धर्मराज कुत्र्यावांचून स्वर्गांत पाऊल टाकावयास नाकारतो, ही कथा तर मुलांनाही पाठ असते. सातारजवळ संगम माहुलीस शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधि आहे. त्यानें महाराजांना वाघापासून वांचविलें, अशी परंपरा आहे. ह्या सर्व कथांतील कुत्रें माणसाला सोडीत नाहीं. माणसाच्या हातून कुत्रें सुटलें तर पुढें त्याचें काय होतें, ह्याचा विचार मात्र कथाकारांनीं फारसा केलेला दिसत नाहीं. खेड्यांत तसें कारणही नव्हतें. अमुक कुत्रें पाटलाच्या वाड्यावरचें आणि तमुक कुत्रें चावडीपुढचें, हें सगळ्या गांवाला ठाऊक असे. तें शेजारच्या शिवारांत गेलें तरी संध्याकाळपर्यंत कोणीतरी ओळख पटवून परत धाडी.

शहरांत ही ओळख नाहींशी झाली. तेथें एका आळींतला माणूस दुसऱ्या आळींतल्या माणसाला ओळखीत नाहीं, मग कुत्र्याची गोष्ट कशाला? रस्त्यावर दिसलेलें कुत्रें कोणाचें, घरचें कीं बेवारशी, हें सांगावयास कोणी नाहीं. त्यांत पिसाळलेल्या कुत्र्याची धास्ती. तो रोग एकदां जडला कीं मरण अटळ, आणि त्यावरील लस १८८५ सालीं लुई पाश्चर यांनीं पहिल्या माणसाला टोंचीपर्यंत कसलाच इलाज नव्हता. ह्या धास्तीपोटीं सरकारें कुत्रीं मारूं लागलीं, आणि बेवारशी कुत्र्यांबरोबर चुकलेलीं कुत्रींही मरूं लागलीं.

ह्या प्रकाराचा पहिला मोठा स्फोट झाला तो मुंबईंत, १८३२ सालीं. मुंबईच्या पोलिसांना १८१३ च्या एका नियमान्वयें उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत मोकाट कुत्रीं मारण्याचा अधिकार मिळालेला होता. १८३२ मध्यें ही मुदत वाढवून जूनच्या मध्यापर्यंत नेण्यांत आली. कुत्रें मारून आणणारास दर कुत्र्यामागें आठ आणे मिळत. त्या काळीं आठ आणे ही गरिबाला लहान रक्कम नव्हती. आणि जेथें डोक्यामागें पैसा मिळतो तेथें डोकें कोणाचें हें पाहण्याचें भान राहत नाहीं. मोकाट कुत्रीं चपळ असतात, तीं सहजीं हातीं लागत नाहींत. दारांत निजलेलें पाळीव कुत्रें माणसावर विश्वास ठेवून असतें, तें चटकन सांपडतें. साहजिकच कुत्रीं धरणारे लोक घरांच्या आवारांत शिरूं लागले आणि खासगी मालकीचीं कुत्रीं फरफटत नेऊं लागले.

पारशी समाजाला हें असह्य झालें, आणि त्याचें कारण केवळ भूतदया नव्हे. जरथुश्त्री धर्मांत कुत्र्याला फार पवित्र स्थान आहे. मृत देहावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा 'सगदीद' नांवाचा विधि त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे. वेंदिदाद ह्या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणांत घर राखणाऱ्या, कळप राखणाऱ्या अशा निरनिराळ्या कुत्र्यांविषयीं माणसाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत, आणि कुत्र्याला वाईट अन्न घालणारालाही शिक्षा सांगितली आहे. अशा समाजाच्या डोळ्यांदेखत, त्यांतही एका पवित्र दिवशीं, म्हणजे १८३२ च्या जूनच्या ६ तारखेस, रस्त्यावर कुत्रीं मारलीं जात असतां जमाव चवताळला आणि त्यानें दोघां शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद झाला. हिंदु, जैन व मुसलमान व्यापारीही ह्या बंदांत सामील झाले, आणि कुलाब्याच्या लष्करास जाणारी खाण्यापिण्याची रसद अडली. अखेर सरकारनें फौज आणली, धरपकड केली व दंगा मोडला.

ह्या दंग्याची हकीकत बहुधा एक विक्षिप्त प्रकरण म्हणून सांगितली जाते. 'कुत्र्यांसाठीं दंगा' हे शब्दच थोडे हंसूं आणणारे आहेत. परंतु त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न मुळींच हास्यास्पद नव्हता. माझ्या दारांतलें कुत्रें माझें आहे हें मी कोणाला व कसें पटवून द्यावें, आणि पटवून देण्याआधींच तें मेलें तर दाद कोणाकडे मागावी, असा तो प्रश्न नागरिक विचारीत होता. त्याला तेव्हां उत्तर नव्हतें, कारण मध्यें थांबण्याची जागाच नव्हती. कुत्रें एक तर घरीं असे, नाहीं तर मेलेलें असे.

ही मधली जागा निर्माण करण्याचा पहिला प्रयत्न मुंबईकरांनींच केला. जमशेटजी जिजीभाई आणि जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद, ज्यांना लोक मोतीशा शेट म्हणत, ह्यांनीं १८३४ सालीं मुंबईची पांजरापोळ स्थापन केली. आज पांजरापोळ म्हटलें कीं म्हाताऱ्या गाईबैलांचें चित्र डोळ्यांपुढें येतें. पण मुंबईच्या पांजरापोळीचा उगम सरकारी बंदुकांपासून वांचवावयाच्या मोकाट कुत्र्यांत व डुकरांत आहे, हें पुष्कळांच्या स्मरणांतून गेलेलें आहे. तेथें कुत्रें जगे, परंतु तेथून तें पुन्हां मालकाच्या घरीं पोंचावें अशी खास व्यवस्था हें त्या संस्थेचें उद्दिष्ट नव्हतें. जीव राखणें हा तिचा धर्म होता. चुकलेल्याला घरीं धाडणें हें काम पुढें दुसऱ्या एका शहरांत, एका सामान्य स्थितींतील बाईनें अंगावर घेतलें.

तें शहर लंडन. तेथें चुकलेल्या कुत्र्यांची स्थिति मुंबईहून फारशी निराळी नव्हती. किंबहुना एक विघ्न अधिक होतें. कुत्रीं चोरून मालकाकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांचा तेथें उघड धंदा चाले. एलिझाबेथ बॅरेट ह्या कवयित्रीचा फ्लश नांवाचा लाडका कुत्रा १८४३ ते १८४६ ह्या अवधींत तीन वेळां पळविला गेला आणि तिन्ही वेळां पैसे मोजून सोडवून आणावा लागला. पुढें १९३३ सालीं व्हर्जिनिया वुल्फ यांनीं ह्या फ्लशचें चरित्रच लिहिलें. चोरीला गेलेल्या श्रीमंताच्या कुत्र्याला निदान किंमत होती. वाट चुकलेल्या गरिबाच्या कुत्र्याला तीही नव्हती. तें उपाशी फिरे, पोरांचे दगड खाई आणि एखाद्या दिवशीं गटाराच्या कडेला मरून पडे.

१८६० सालीं उत्तर लंडनमध्यें मेरी टील्बी ह्या साठीच्या घरांतल्या बाई आपल्या मैत्रिणीकडे गेल्या असतां तेथें रस्त्यावरून उचलून आणलेलें एक भुकेलें कुत्रें त्यांनीं पाहिलें. तें वांचलें नाहीं. टील्बीबाई पतीपासून विभक्त राहत असत. पाठीशीं धन नव्हतें, प्रकृतिही चांगली नव्हती. तरीही त्यांनीं रस्त्यावरचीं कुत्रीं आणून स्वयंपाकघरालगतच्या मोरीच्या खोलींत ठेवावयास आरंभ केला, आणि ती जागा अपुरी पडूं लागली तेव्हां हॉलोवे भागांतील एक तबेला भाड्यानें घेतला. त्याला नांव दिलें 'हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठीं तात्पुरतें घर'. ह्यांतील 'तात्पुरतें' हा शब्द महत्त्वाचा आहे. कुत्रें तेथें राहावयास आलेलें नव्हतें, तें घरीं परत जावयास निघालेलें होतें, अशी बाईंची भूमिका होती.

संस्थेच्या पहिल्या पत्रकांतील नियम वाचण्यासारखे आहेत, कारण त्यांत व्यवहारज्ञान आणि दया ह्यांचा चांगला मेळ आहे. मालक कुत्र्याची ओळख पटवून मागावयास आला तर पोटगीचा खर्च घेऊन कुत्रें त्याच्या हवालीं करावयाचें. चौदा दिवसांत कोणी आलें नाहीं तर तें विकावयाचें किंवा त्याची दुसरी वाट लावावयाची. आणि कुत्रें आणून देणारास कसलेंही बक्षीस द्यावयाचें नाहीं. कारण बक्षीस दिलें कीं चोरटे स्वतःच कुत्रीं उचलून आणूं लागणार. मुंबईच्या आठ आण्यांनीं जें पाप झालें तें ह्या एका नियमानें टळलें. दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे पैशाचा ओघ कोणत्या दिशेला सोडला आहे ह्यावर मुक्या जनावराचें जीवित कसें अवलंबून असतें हें ध्यानांत येतें.

लंडनच्या 'टाइम्स' पत्रानें ह्या उपक्रमाची यथेच्छ खिल्ली उडविली. शहरांत अनाथ मुलें रस्त्यावर निजत असतां कुत्र्यांसाठीं घर काढणें म्हणजे दयेला वेड लागणें होय, असा एकंदर टीकेचा सूर होता. हा आक्षेप अगदींच पोकळ होता असें म्हणतां येणार नाहीं. आजही तो तितक्याच त्वेषानें घेतला जातो. तथापि अनाथ मुलांच्या नांवानें कुत्र्यांचें घर बंद करूं पाहणारांनीं त्या मुलांसाठीं दुसरें कांहीं उभें केल्याचें क्वचितच दिसतें. वातावरण पालटलें तें थोडें १८६२ मध्यें, जेव्हां चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकांत 'कुत्र्यांचीं दोन प्रदर्शनें' अशा आशयाचा एक लेख आला. एकीकडे इझ्लिंग्टनमधील जातिवंत कुत्र्यांचें झगझगीत प्रदर्शन, आणि तेथून जवळच हॉलोवेच्या तबेल्यांतील हाडकुळ्या चुकारांचा मेळावा, अशी तुलना करून लेखकानें आपलें माप दुसऱ्याच्या पदरांत टाकलें होतें. टील्बीबाई १८६५ सालीं वारल्या. १८७१ मध्यें संस्था टेम्सच्या दक्षिणेस बॅटर्सी येथें गेली, १८८३ पासून तेथें मांजरांनाही आश्रय मिळूं लागला, आणि १८८५ मध्यें खुद्द व्हिक्टोरिया राणीनें तिचें आश्रयदातृत्व पत्करलें. ज्या घराला वेड्यांचा बाजार म्हटलें होतें तें पंचवीस वर्षांत राजमान्य झालें.

मधल्या काळांत कायदाही बदलला होता. १८६७ च्या एका कायद्यान्वयें लंडनच्या पोलिसांना रस्त्यावर मोकळें सुटलेलें कुत्रें ताब्यांत घेण्याचा अधिकार मिळाला. मात्र तें लगेच मारतां येत नसे, तीन दिवस मालकाची वाट पाहणें भाग होतें. पुढें १९०६ च्या कायद्यानें ही मुदत सात दिवसांची केली आणि गळपट्ट्यावर मालकाचें नांव व पत्ता असावा असे हुकूम काढण्याची सोय केली. मुंबईंत १८३२ मध्यें जी मधली जागा नव्हती ती अशा रीतीनें दिवसांच्या मापानें निर्माण झाली. तीन दिवस, सात दिवस, चौदा दिवस, एवढाच कुत्र्याच्या घरीं जाण्याचा अवकाश. पण तेवढ्यांत हजारों कुत्रीं घरीं गेलीं. गळपट्ट्याचें महत्त्व किती, ह्याचें एक उदाहरण एडिंबरोचें आहे. ग्रेफ्रायर्स स्मशानांत धन्याच्या थडग्याशीं राहणारा म्हणून प्रसिद्धीस आलेल्या बॉबी ह्या कुत्र्याचा परवाना १८६७ सालीं नगराध्यक्ष विल्यम चेंबर्स यांनीं स्वतः पैसे भरून काढला व त्याला नांवाचा पितळी पट्टा घातला. त्याच्या स्वामिनिष्ठेच्या कथेंत तिखटमीठ किती ह्याविषयीं वाद आहेत, पट्ट्याविषयीं नाहीं. तो पट्टा एडिंबरोच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतो.

पट्टा आणि निवारा ह्या दोन गोष्टी झाल्या. तिसरी गोष्ट, म्हणजे कुत्र्यानें स्वतःच घरची वाट धरावी अशी शिकवण, हिचा इतिहास चमत्कारिक रीतीनें पहिल्या महायुद्धाशीं जोडलेला आहे. एडविन रिचर्डसन नांवाचे एक ब्रिटिश लष्करी अधिकारी कित्येक वर्षें पदरमोड करून कुत्र्यांना शिकवीत असत. सरकारनें त्यांच्याकडे लक्ष दिलें नव्हतें. परंतु फ्रान्सच्या खंदकांत तोफांच्या माऱ्यानें तारा तुटूं लागल्या आणि निरोप घेऊन जाणारे शिपाई वाटेंतच पडूं लागले, तेव्हां त्यांची आठवण झाली. १९१६ च्या अखेरीस वुल्फ आणि प्रिन्स ह्या दोन एअरडेल कुत्र्यांना आघाडीवर धाडण्यांत आलें. त्यांचें काम पाहून १९१७ मध्यें एसेक्स परगण्यांतील शूबरीनेस येथें युद्धश्वानांची शाळा निघाली. विद्यार्थी आणावयाचे कोठून? ते आले बॅटर्सीच्या घरांतून. मागाहून इतर शहरांतील अशाच निवाऱ्यांतून, आणि त्यानंतर लोकांनीं आपलीं घरचीं कुत्रीं देऊं केलीं.

ह्या निरोप्या कुत्र्यांचें काम काय होतें हें नीट पाहिलें म्हणजे मौज वाटते. कुत्र्याचा सांभाळी शिपाई मागें मुख्य ठाण्यावर राही. दुसरा कोणी कुत्र्याला पुढें आघाडीवर नेई. तेथें निरोपाची चिठ्ठी पट्ट्याला बांधलेल्या पत्र्याच्या नळींत घालून कुत्र्याला सोडून देत, आणि कुत्रें चिखल, धूर, कांटेरी तारा ओलांडून आपल्या सांभाळ्याकडे धांव घेई. म्हणजे युद्धांतलें हें सारें कर्तृत्व घरीं परत येण्याचेंच होतें. ज्यांना एकदां घरची वाट सांपडली नाहीं म्हणून जीं निवाऱ्यांत आलीं होतीं, त्यांतलींच कांहीं कुत्रीं आतां वाट न चुकण्यासाठीं नांवाजलीं गेलीं.

तीं हें शिकलीं कशीं, तें रिचर्डसन यांनीं १९२० च्या आपल्या पुस्तकांत सांगितलें आहे. एका शिपायाकडे तीन कुत्रीं असत आणि त्यांचें खाणेंपिणें, न्हाणेंधुणें सर्व तोच बघे. इतर कोणी त्यांचे लाड करावयाचे नाहींत. आघाडीवरील सैनिकांना तर निरोप्या कुत्र्याला थांबवून घांस घालण्याची सक्त मनाई होती. आरंभीं अंतर अगदीं थोडें, मग हळूहळू वाढवीत नेलेलें. बंदुकीचा आवाज प्रथम दुरून, मग जवळून. कुत्रें परत आलें कीं कौतुक आणि खाऊ. चुकलें, वाटेंत रेंगाळलें, तरी मारावयाचें नाहीं, रागानें बोलावयाचेंही नाहीं. पुन्हां मूळ जागेवर नेऊन पाठ पहिल्यापासून गिरवून घ्यावयाचा. ह्यामागील तर्क सरळ आहे. परत आल्यावर एकदां जरी काठी बसली तरी त्या मुक्या प्राण्याच्या मनांत 'घर' आणि 'काठी' ह्यांची गांठ पडते, आणि पुढच्या वेळीं तें दुरूनच घुटमळतें. आपल्याकडेही सांखळी तोडून गेलेलें कुत्रें चार तासांनीं शेपूट पायांत घालून दारांत येतें, आणि धनी आधीं त्याला बदडून काढतो. पळून जाण्याची शिक्षा आपण केली असें त्याला वाटतें; कुत्र्याला ती परत येण्याची शिक्षा वाटते.

सगळेच शिक्षक रिचर्डसनसारखे नव्हते. जर्मनींत पोलिसखात्याच्या कुत्र्यांना तयार करणारे कोनराड मोस्ट यांनीं १९१० सालीं श्वानशिक्षणावर जें पुस्तक लिहिलें त्यांत सक्तीला मोठें स्थान होतें. पण बक्षीस व शिक्षा कृतीच्या मागोमाग त्याच क्षणीं मिळाली तरच जनावराला कळते, हें तत्त्व त्यांनीं फार स्पष्टपणें मांडलें होतें. पाळीव कुत्र्यांपुरतें पाहिलें तर १९३३ मध्यें अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळ माउंट किस्को येथें हेलेन व्हाइटहाउस वॉकर ह्या बाईंनीं आज्ञापालनाची पहिली स्पर्धा भरविली, आणि १९३६ मध्यें तेथील केनेल क्लबनें अशा स्पर्धांना मान्यता दिली. रूपाऐवजीं वागणुकीची परीक्षा, आणि त्या परीक्षेंत हांकेसरशी धन्याकडे येण्याला मानाचें स्थान, हें ह्या स्पर्धांचें वैशिष्ट्य. १९५१ मध्यें मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनीं, घांस देण्याच्या क्षणाची खूण म्हणून एखादा बारीकसा आवाज वापरल्यास जनावर किती लवकर शिकतें, हें सामान्य वाचकांसाठीं लिहिलें. पुढें हाताच्या मुठींत मावणारी 'टिकटिकी' घरोघर पोंचली ती ह्याच विचारांतून. साधन नवें, परंतु शूबरीनेसच्या शिपायानें जें केलें त्याहून तत्त्व फारसें निराळें नाहीं.

शिकवणीवांचूनही कुत्रें घर गांठतें, अशा कथा प्रत्येक देशांत आहेत. त्यांतील सर्वांत गाजलेली आणि बऱ्यापैकीं तपासलेली कथा बॉबी नांवाच्याच एका अमेरिकन कुत्र्याची. १९२३ च्या ऑगस्टमध्यें ऑरेगन संस्थानांतील सिल्व्हर्टन गांवचें एक कुटुंब मोटारीनें इंडियाना प्रांतांत गेलें असतां वोलकॉट येथें दुसऱ्या कुत्र्यांनीं पाठ धरल्यामुळें त्यांचा कॉली जातीचा बॉबी दिसेनासा झाला. शोध करून कंटाळून मंडळी घरीं परतलीं. सहा महिन्यांनीं, १९२४ च्या फेब्रुवारींत, नखें झिजलेला, हाडांचा सांपळा झालेला बॉबी सिल्व्हर्टनच्या रस्त्यावर उभा राहिला. हें अंतर सुमारें अडीच हजार मैलांचें, मध्यें वाळवंट, नद्या आणि हिंवाळ्यांतील पर्वत. बातमी पसरल्यावर वाटेवरील अनेक गांवांहून पत्रें आलीं, आणि प्राणिदया संस्थेच्या लोकांनीं तीं जुळवून त्याचा मार्ग पुष्कळसा निश्चित केला. ह्या पत्रांवरून एक गोष्ट निघते, जी कथा सांगणारे बहुधा गाळतात. बॉबी एकटा आला नाहीं. कोणी त्याला रात्रीपुरतें घरांत घेतलें, कोणी जेवूं घातलें, कोणी जखमी पाय बांधले, आणि बरें वाटतांच त्याला जाऊं दिलें.

कुत्र्याला दिशा कळते कशी, ह्याचा शोध अजून चालू आहे. वास हें उघड साधन आहे. आलेल्या वाटेचा स्वतःचाच माग हुंगीत तें मागें फिरतें. परंतु चेक शास्त्रज्ञांनीं शिकारी जातीच्या २७ कुत्र्यांच्या गळ्यांत उपग्रहाद्वारें स्थान टिपणारे पट्टे बांधून केलेल्या प्रयोगांत दुसरीही रीत आढळली. ती त्यांनीं २०२० मध्यें प्रसिद्ध केली. कांहीं वेळां कुत्रें जुन्या मागानें न येतां नवीनच वाटेनें येई, आणि तसें निघण्यापूर्वी उत्तर-दक्षिण रेषेंत सुमारें वीस मीटर धांवून घेई. अशी धांव घेणारीं कुत्रीं अधिक सरळ परत येत. पृथ्वीच्या चुंबकत्वाशीं ह्याचा संबंध असावा असा संशोधकांचा अंदाज आहे. रानांतल्या ह्या सामर्थ्याचा भरवसा गजबजलेल्या शहरांत धरतां येत नाहीं. तेथें दिशा ठाऊक असूनही मध्यें रस्ता आणि रस्त्यावर मोटारी असतात.

म्हणून शहरांनीं गळपट्ट्याच्या जोडीला आणखी एक खूण शोधली. तांदळाच्या दाण्याएवढी एक कुपी कुत्र्याच्या मानेच्या कातडीखालीं टोंचून बसवितात. तिला 'मायक्रोचिप' म्हणतात. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथें २०१६ च्या एप्रिलपासून कुत्र्यांना ती सक्तीची झाली, आणि आपल्याकडील मोठ्या शहरांतले पशुवैद्यही ती बसवून देतात. तिच्याविषयीं एक गैरसमज सर्रास आढळतो. ही कुपी कुत्रें कोठें आहे हें सांगत नाहीं. तिच्यांत केवळ पंधरा आंकडी क्रमांक असतो, आणि वाचक-यंत्र अगदीं जवळ धरलें तरच तो उमटतो. त्या क्रमांकापुढें नोंदवहींत मालकाचें नांव व दूरध्वनि लिहिलेला असेल तरच पुढचें काम होतें. बिऱ्हाड बदललें पण नोंद बदलली नाहीं, तर ती कुपी आणि १८३२ चें बिनपट्ट्याचें कुत्रें ह्यांत विशेष अंतर उरत नाहीं.

महाराष्ट्रांत कुत्रीं हरवण्याचा हमखास हंगाम म्हणजे दिवाळी. फटाक्यांच्या धडाक्यानें घाबरलेलें कुत्रें दिशा न पाहतां धांवत सुटतें, आणि अशा वेळीं नेहमींची हांकही त्याच्या कानांत शिरत नाहीं. लोक घोळक्यानें, मोठ्यानें ओरडत त्याच्या मागें लागतात, आणि तें आणखी दूर जातें. वास्तविक असें कुत्रें पुष्कळदां जवळपासच, एखाद्या मोटारीखालीं, जिन्याखालीं किंवा झुडपांत, श्वास रोखून बसलेलें असतें. भीतीनें तें स्वतःच्या माणसालाही ओळखीत नाहीं. त्याच्याकडे धांवावयाचें नसतें. थोडें अंतर राखून, पाठमोरें किंवा कुशीकडे वळून जमिनीवर बसावें, डोळ्याला डोळा भिडवूं नये, आणि रोजच्या आवाजांत, रोज जेवतांना मारतों तीच हांक हलकेच मारावी. कुत्रें मुळींच दिसत नसेल तर जेथून तें सुटलें त्याच जागीं घरांतल्या माणसाचा अंगावरचा न धुतलेला कपडा, पाणी आणि थोडें अन्न ठेवावें, आसपासच्या पहारेकऱ्यांना, दूधवाल्यांना व वृत्तपत्रें टाकणाऱ्या पोरांना सांगून ठेवावें, कारण पहांटे रस्त्यावर असतात ते हेच. आणि फटाके थांबून रस्ता निवांत झाला कीं घरच्यांपैकीं एकानें त्या जागेजवळ येऊन उजाडेपर्यंत न बोलतां बसावें.